आत्तींचं ताट

कळंब्याच्या चिमणाबाईंचं नाव आयुष्यभर कुणी धड ऐकलं असेल तर शपथ. रेशनकार्डावर चिमाबाई, मतदारयादीत चिंगूबाई. दरवेळी त्या कचेरीच्या खिडकीशी अडून बसायच्या, "चिमणाबाई लिवा की वो, नीट!" मरताना सुनेचा हात धरून एवढंच म्हणाल्या, "मागनं तरी माझं नाव नीट घाल, बाई."

म्हणून वर्षश्राद्धाला पाहुण्यांना द्यायची स्टीलची ताटं घ्यायला सून स्वप्नाली स्वतः बाजारात गेली. नाव घालायचं मशीन कर्रर्र करत होतं. नेमकी कॉलेजातली मैत्रीण प्रीती शेजारीच कुकर बघत उभी. तिच्यादेखत असलं गावठी नाव मोठ्यानं घ्यायची स्वप्नालीला लाज वाटली. ती नुसती पुटपुटली. ताटं समोर आली, तेव्हा सगळ्यांवर होतं, 'कै. यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ'.

"बरोबर हाय न्हवं, वैनी?" मशीनवाल्यानं विचारलं.

प्रीती बघत होती. "हो," स्वप्नाली म्हणाली.

घरी तिनं ताटं गुपचूप वर्तमानपत्रात गुंडाळली. श्राद्धाची पंगत उठली. सासूबाईंची, म्हणजे आत्तींची, लेक आक्का आपलं ताट घेऊन शिरोळला गेली. नवरा सयाजी उरलेल्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला. दिवेलागणीला वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. स्वप्नालीनं फोटोपुढं समई लावली, पाट मांडला, शिल्लक ताटात आत्तींच्या आवडीची खपली गव्हाची खीर वाढली आणि पाणी आणायला आत गेली.

परत आली तर कुणीतरी जेवत होतं. सावकाश... तोंडात दात नसल्यासारखं. खोलीभर गाळाचा वास सुटला होता. पाटावर एक अनोळखी म्हातारी बसली होती, ओल्या लुगड्यात.

"कोण... कोण तुम्ही?"

"यमुना." तिनं मान वर केली नाही. "माझ्या मागं कुणीच न्हाई गं... नाव घेऊन कुणी कधी वाढलंच न्हाई. आज तू वाढलंस."

तेवढ्यात बाहेर कडी वाजली. पाठोपाठ खोकला. वर्षापूर्वी गेलेल्या आत्तींचा.

"स्वप्नाली... दार उघड की. भूक लागलीया."

म्हातारीचा घास हातातच थांबला. "उठू व्हय मी?" तिनं घाबरून विचारलं.

भरल्या ताटावरनं कुणाला उठवायचं नाही, हे आत्तींनीच शिकवलेलं. आणि दार उघडून आत्तींना सांगायचं तरी काय? भीतीपेक्षा शरमेनंच स्वप्नाली अर्धी मेली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दार उघडलं नाही. दाराबाहेर बराच वेळ कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मग चपला फरफटत लांब गेल्या.

वीज आली तेव्हा पाटावर कुणी नव्हतं. ताट चाटूनपुसून रिकामं झालं होतं. कोपऱ्यातला फोन खणखणला. शिरोळहून आक्का बोलत होती, अगदी दबक्या आवाजात.

"स्वप्नाली... तू दिलेल्या ताटात आईला खीर वाढली, तर एक म्हातारी जेवाय बसलीया. कोण हाय ठावं न्हाई... आणि दारात आई हुबी हाय गं. रडतीया. तू दार उघडलं न्हाईस म्हणतीया... खरं व्हय?"