भूगोलाच्या सरांची उलटी नदी

नकाशांच्या खोलीत मोठा नकाशा एकच होता, आणि त्या सकाळी त्याची दोन टोकं दोघांच्या हातांत होती.

"सोडा, बाई. माझ्या नद्या आहेत त्यात."

"आणि माझ्या लढाया. नदीकाठीच झाल्या त्या."

"म्हणजे आधी नदी आली, हे कबूल?"

नव्याने आलेल्या भूगोलाच्या सरांनी हे हसत विचारलं. इतिहासाच्या बाईंनी नकाशा हिसकावून नेला खरा, पण सरांचं ते हसूही वर्गापर्यंत मागोमाग आलं.

नकाशा गुंडाळायला एक माणूस पुरतो. पण प्रेमात पडू बघणाऱ्यांना कामाला माणसं नेहमीच कमी पडतात. बाई एक टोक ताणून धरायच्या, सर दुसऱ्या टोकाकडून गुंडाळत यायचे... आणि मधला समुद्र संपत आला की दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायची.

"हल्ली भूगोलाचं फार ऐकू येतं गं घरात," बाईंची आई म्हणाली.

"विषयच मोठा आहे," म्हणून बाई आत पळाल्या.

मग मुख्याध्यापिकांनी सांगितलं: पुढच्या वर्षी इतिहास-भूगोल मिळून सामाजिक शास्त्रे हा एकच विषय, आणि शिक्षकही एकच. दोघांनी नववीवर एकेक तास घ्यायचा. ज्याचा तास सरस, तो राहील.

बाईंचा जीव या शाळेत होता. त्यांनी पदर खोचला आणि असा तास घेतला, की मधली सुट्टी झाली तरी पोरं उठेनात.

मग सरांची पाळी. त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, समुद्र काढला, आणि गंभीर चेहऱ्यानं नदी समुद्रातून उगम पावून डोंगरावर चढवली. पोरं खुसखुसली. मुख्याध्यापिकांच्या भुवया वर गेल्या.

शेवटच्या बाकावर बसून तास बघणाऱ्या बाईंना सगळं उमगलं. खोटं कशाला बोला, आधी गुदगुल्या झाल्या. मग मात्र अंगाचा तिळपापड झाला.

त्या उभ्याच राहिल्या. "मॅडम, हे मुद्दाम चुकतायत. यांना तास पुन्हा घेऊ द्या. नाहीतर माझाही धरू नका."

"बाई, बसा ना..." सर पुटपुटले.

"तुम्ही आधी ती नदी खाली उतरवा!"

वर्ग खो खो हसला. सरांनी फळा पुसला. नदी गाळ कुठे टाकते, गाव त्याच वळणावर का वसतं, हे सांगता सांगता त्यांनी बाईंच्या लढायाही त्याच काठावर आणून उभ्या केल्या. पोरं श्वास रोखून ऐकत होती. आपण हरलो, हे बाईंना सगळ्यांच्या आधी कळलं.

दुपारी निकाल तोच लागला. बाई खण रिकामा करत असताना सर आले.

"का केलंत असं? मी आनंदानं गेलो असतो."

"आणि मी जन्मभर उपकाराखाली दबले असते. तुमच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला बोलायची सोय नाही!"

सर थबकले. "भाजी... कुठली?"

बाईंचे कान लाल झाले. पण माघार त्यांना शिकवताही येत नसे, घेणं तर दूरच.

"आपल्या घरची. पुलापलीकडच्या शाळेत जागा आहे. उद्या मुलाखत देतेय, आणि ती मिळवणार. ते माझं मी बघते. तुम्ही फक्त हो की नाही, एवढंच सांगा."

"हो..."

"वर्गात बोलता तसं बोला."

"हो!" सर इतक्या जोरात म्हणाले, की शेजारच्या वर्गातलं वाचन थांबलं.