दिव्याच्या पलीकडची बाजू

मोर्देखायच्या घरी धाकटी झिवा जन्मली ते साल १९५६. तिचं बारसं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावी, त्या पत्र्याच्या घरात हानाबायने जन्मात पहिल्यांदा धाकट्या भावाकडे काही मागितलं...

"मोर्दू, बायकांचा हिब्रूचा वर्ग सुरू होतोय. जाऊ का रे मी?"

"तू?" मोर्देखाय खो खो हसला. "अगं बाय, परवा शेजाऱ्यांदेखत मराठी पेपर उलटा धरून बसली होतीस! आपली अक्षरं येत नाहीत, आणि चालली हिब्रू शिकायला! शिवाय सॅली फॅक्टरीत गेल्यावर पोरं कोण बघणार?"

त्याच्या बायकोने, सॅलीने, मान खाली घातली. हानाबायने पाळण्याची दोरी धरली. हीच दोरी... आधी भावाची, आता भावाच्या पोरींची! कोकणात आई गेली तेव्हा बाप म्हणाला होता, "मुलीच्या जातीला अक्षर कशाला? पोर सांभाळ." त्या दिवशी बंद झालेलं दार समुद्र ओलांडून वाळवंटापर्यंत तिच्याबरोबर आलं, पण उघडलं काही नाही!

पेसाहची, गुलामीतून सुटकेच्या सणाची, रात्र आली. मोर्देखाय मिसरातल्या गुलामीची हकीकत मराठीतून वाचत होता. एकाएकी फॅक्टरीतल्या धुळीचा खोकला उसळला आणि त्याचा आवाज बसला. तोच समोरून, टेबलाच्या पलीकडून, हानाबायने पुढची ओळ उचलली!

पाठ असेल, त्याला वाटलं. त्याने मुद्दाम भलतंच पान काढलं. तेही तिने वाचलं! त्याने पुस्तक फिरवून तिच्यापुढे सुलट धरलं... आणि हानाबायला एक अक्षर लागेना.

"फिरव रे परत," ती पुटपुटली. "तू ओसरीवर पाटी घेऊन बसायचास, मी समोर चिमणी धरून उभी असायची. मला अक्षरं त्या बाजूनेच दिसली..."

"बाय! मग मी हसलो तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लहानपणी बोलले असते तर तुझ्या शिक्षणाला माझी हाय लागली असती, राजा... मग न बोलायची सवयच लागली."

मोर्देखायने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "सण झाला की तू वर्गाला जायचंस! पोरं मी बघेन!"

सण झाला. झिवाला गोवर निघाला. मग त्याची पाळी बदलली, मग सॅलीला पुन्हा दिवस गेले. "पुढच्या महिन्यात नक्की, बाय," तो अगदी मनापासून म्हणे, आणि ती म्हणे, "हो रे."

मात्र शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याला, जेवणं झाली की तो पुस्तक टेबलावर मध्ये ठेवी. एक ओळ तो वाची, एक ती. थोरली लेआ धावत येऊन आत्याला बिलगायची. हानाबाय तिला हलकेच उठवायची.

"इकडे नको गं, सोन्या. तिकडे बस, अब्बाच्या बाजूला. तिकडून सुलट दिसतं."

हाना १९५८च्या हिवाळ्यात, हनुक्काच्या, दिव्यांच्या सणाच्या, दिवसांत, येरुहामला वारली. वर्गात ती एकदाही गेली नाही.