डावीकडची जागा

चिंतामणरावांची एमजी विकायची ठरली, तेव्हा शाहूपुरीतली निम्मी गल्ली हळहळली आणि उरलेल्या निम्म्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. ती सुरू झाली की शेजारच्या पाळण्यातली पोरं दचकून उठायची. एकोणीसशे एकावन्न सालची, गर्द हिरवी, दोनच माणसांची उघडी गाडी. दारं उलटी, पुढच्या बाजूनं उघडणारी. पुढ्यात पॉलिशची लाकडी फळी आणि तिच्यात गोल मीटर. ही विलायती बाई कराडकडच्या एका शेडमध्ये कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चिंतामणरावांनी ती ट्रकवर घालून साताऱ्याला आणली आणि रविवारचे रविवार खपून उभी केली. शेजारपाजारचे तिला 'थोरली' म्हणायचे, म्हणजे त्यांची बायको विनोदिनीबाई धाकट्या. बाईंना त्याचा राग कधी आला नाही. थोरलीत डावीकडची जागा त्यांची होती.

विनोदिनीबाई शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. देवाला हात जोडतील, पण दारावर लिंबू-मिरची टांगणार नाहीत. विद्यार्थी गावभर, त्यामुळे मंडईत, बँकेत, रिक्षात सगळे त्यांना बाई म्हणत. अलीकडे नवराही म्हणू लागला होता.

चिंतामणरावांच्या आजाराचं नाव मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाव कळलं म्हणून माणूस परत येत नाही. आधी चष्मा हरवायचा, मग रस्ते हरवू लागले, मग सई हरवली. पोटची लेक पुण्याहून आली तर "आपलं गाव कोणतं?" असं विचारून तिला रडवलं. विनोदिनीबाईंशी ते फार अदबीनं वागत. "बाई, तुम्हाला त्रास नसेल तर जरा पाणी द्याल?" शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बाईंना त्या अदबीपायी वाटायचं.

फक्त गाडीत तसं होत नसे. पोर्चमध्ये उभ्या गाडीत ते उजवीकडे बसले, बाई डावीकडे बसल्या, की थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांत ओळख यायची. "विनू, यवतेश्वराला जाऊ या?" बाई म्हणायच्या, "जाऊ या." गाडी जागची हलायची नाही. दोघं गप्पा मारायची, सईच्या लहानपणीच्या, कासच्या रस्त्यावरच्या पंक्चरच्या. मग चिंतामणराव उतरायचे आणि दार लावून म्हणायचे, "बाई, सावकाश उतरा." दिवसाकाठी एवढंच वाट्याला यायचं आणि बाई त्यावर दिवस काढायच्या.

तरीही गाडी विकावी लागली. घर उतारावरचं. एका सकाळी बाई दूध घ्यायला आत वळल्या, तेवढ्यात चिंतामणरावांनी हँडब्रेक सोडला. गाडी आपसूक खाली गेली, उतारावरच चालू झाली आणि थेट वाढे फाट्याला महामार्गावर पोचली, तीही उलट्या बाजूनं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. किल्ली लपवून उपयोग नव्हता. ज्यानं तारन् तार स्वतः ओढली, त्याला किल्ली कशाला लागते? सई फोनवर म्हणाली, "आई, उद्या कुणाचं पोर सापडलं चाकाखाली तर?"

गिऱ्हाईक सांगलीचं निघालं. जयराज हळदीचा व्यापारी, वय पस्तिशीचं, जुन्या गाड्यांचं वेड. सोबत बायको आली होती, पूजा. बुटकी, अबोल. गाडीत बसून पाहताना तिचं डोकं जेमतेम काचेपर्यंत पोचलं. बाईही बुटक्याच. त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेली खादीची उशी डावीकडच्या सीटवर असायची. पूजा उतरताना म्हणाली, "काकू, ही उशी बी गाडीचीच हाय का?"

बाईंचे वडील वाईजवळच्या खेड्यात शेती करायचे. बैल विकला तरी गळ्यातलं दावं कधी देत नसत. नव्या मालकानं आपलं दावं आणायचं, हा रिवाज. दावं दिलं की गोठ्यातली जागाही दिली, असं वडील म्हणायचे. बाईंना हे त्या क्षणी आठवलं आणि हसू आलं. गाडी म्हणजे काय बैल आहे?

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला आता काय करायचीय?"

गाडी गेली. चिंतामणराव आकांत करतील म्हणून सई दोन दिवस राहून गेली, पण त्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीत समोर बघत बसून राहायचे. बोलणं होतं तेही आटलं. "बाई" म्हणायचंही थांबलं.

दिवसभर सोबतीला मनुबाई यायची. एका सकाळी त्यांचं अंग पुसताना ती म्हणाली, "आवं ताई, काका उनात गेल्ते व्हय?"

उजवा हात कोपरापासून खाली रापला होता. बाहीची रेघ स्पष्ट उमटलेली. डावा हात पहिल्यासारखा गोरा. चिंतामणराव व्हरांड्यापलीकडे गेले नव्हते, आणि तिथं ऊन येतं ते डावीकडून. बाईंनी खुर्चीत स्वतः बसून पाहिलं. मग त्यांनी हाताला खोबरेल लावलं आणि विषय मिटवला.

नंतर त्याच हाताची नखं पिवळी झाली. वरणानं झाली असतील म्हणावं, तर त्यांना बाईच चमच्यानं भरवत होत्या. नखं साबणानं घासली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. बाईंनी तो हात नाकाशी नेला. कच्च्या हळदीचा वास, पोत्यातल्या हळदीचा, आणि त्याखाली पेट्रोलचा.

"हळदीचा काढा केला होतास का?" त्यांनी मनुबाईला विचारलं.

"न्हाई बा. घरात हळकुंडच न्हाई."

त्या आठवड्यात जयराजचा फोन आला. गाडी झकास आहे, तेल गळायचंही थांबलं, असं म्हणून तो घुटमळला. "काकू, रागावू नका. विनू म्हंजे कोण?"

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"पूजा गाडीत बसती दुपारची. ती म्हनती, कोनतरी विनू म्हनून हाक मारतंय. मला तर काय ऐकू येत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सांगलीची एसटी धरली. भास, थकवा, एका जोडप्याच्या घरातलं काही असेल, अशी कारणं त्या कराडपर्यंत जुळवत राहिल्या. कराडनंतर त्यांनी ते सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्यांना कारण नकोच होतं. त्यांना नवरा भेटायला हवा होता. भूत म्हणून, भास म्हणून, कसाही. पण विनू म्हणणारा.

मार्केट यार्डातल्या गोदामात छतापर्यंत हळदीची पोती रचलेली. हवाच पिवळी होती, डोळे चुरचुरत होते. मधोमध गाडी उभी. जयराज अडतीवर गेला होता. पूजानं गाडीवरचं कापड काढलं.

"तुमी बसा की, काकू."

बाई डावीकडे बसल्या. आपल्याच उशीवर. उजवीकडची सीट रिकामी, चामड्याला त्याच जुन्या सुरकुत्या. बाहेर हमाल एकमेकांना हाका मारत होते. बाईंनी वाट पाहिली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "जाऊ या ना यवतेश्वराला?"

काही नाही. पोत्यावरून एक चिमणी उडाली.

बाई उतरल्या. पूजा खालमानेनं म्हणाली, "मला वाटलं, मलाच याड लागलं. पर बरं वाटतंय हो. घरात माज्याशी बोलतंय कोन? ह्यांना धंदा." आणि सवयीनं, विचारल्यासारखं बाईंकडे बघत, ती आत जाऊन बसली.

उजवीकडचं चामडं दबलं.

बाईंनी ते पाहिलं. बसताना दबतं तसं, आधी कडेला, मग मधे. स्टिअरिंग केसभर हललं.

"विनू, डोक्याला रुमाल बांध. घाटात वारं असतं."

आवाज त्यांचाच होता. आजारापूर्वीचा, खणखणीत, जरा चिडवणारा.

"बांधला," पूजा म्हणाली. तिनं खरंच पदर डोक्यावर ओढून घेतला होता.

बाई दाराला धरून वाकल्या. "अहो... मी इथं आहे. मी विनू. इकडे बघा ना."

उजवीकडचं चामडं करकरलं.

मग तोच आवाज, पण अदबीनं.

"बाई, जरा बाजूला होता का? गाडी मागं घ्यायचीय."

बाई बाजूला झाल्या.

पोत्याच्या थप्पीला टेकून त्या उभ्या राहिल्या आणि रडल्या. लाजलज्जेची पर्वा न करता, लहान पोरीसारख्या. पूजा धावत आली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. "काकू, गाडी न्या परत. मी ह्यांना सांगते, एका शब्दानं न्हाई म्हणणार न्हाईत. मी पुन्ना बसायची न्हाई त्यात."

गाडी परत नेता आली असती. पोर्चमध्ये उभी राहिली असती. पण उशीबरोबर जागाही दिली गेली होती. डावीकडे बसून रोज ऐकायचं काय, तर "बाई, बाजूला व्हा."

"बसत जा," शेवटी बाई म्हणाल्या. डोळे पुसले, तर पदराला पिवळं लागलं. "ते हाक मारतील तेव्हा ओ देत जा. उत्तर मिळालं नाही की ते फार घाबरतात गं."

"आनि जाऊ या म्हनले तर?"

"हो म्हण. मी तेच म्हणायची."

साताऱ्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मनुबाई पदर खोचून निघायच्याच बेतात होती. काका आज लय खुशीत हाईत, म्हणाली, पोटभर जेवले, मी न सांगता केस विंचरून घेतले. ती गेली. बाईंनी देवापाशी दिवा लावला आणि पुढच्या खोलीत आल्या. चिंतामणराव खुर्चीत ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. किती दिवसांनी त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. ओळखीनं नाही, पण मायेनं.

"बाई, तुम्ही फार केलंत माझं."

बाई खुर्चीपाशी खाली बसल्या.

"आता निघायला हवं. विनू गाडीत बसलीय, तिला ताटकळत ठेवणं बरं नाही. तुम्ही मागं दार लावून घ्याल का?"

नाही म्हणावं, हात घट्ट धरावा, असं बाईंच्या मनात दाटून आलं. त्यांनी तो रापलेला हात क्षणभर हातात घेतला. मग सोडला.

"लावते," त्या म्हणाल्या. "सावकाश जा."

त्या उठल्या. दार लोटलं, कडी घातली. खुर्चीकडे त्यांनी वळून पाहिलं नाही; तिथला श्वास थांबल्याचं न पाहताही कळत होतं.

कडीवर हात ठेवून त्या उभ्या होत्या, तेव्हा बाहेर, रिकाम्या पोर्चमधून खाली उतारावर, कुणीतरी मोकळेपणी हसत गेलं.

पूजाचं हसणं नव्हतं ते. बाईंचं स्वतःचं होतं, पंचविशीतलं.