इतिहासाच्या रकान्यात

रविंद्र मला पहिल्यांदा दिसला तो एका जाळीच्या खिडकीतून, आणि दिसताक्षणी मला त्याचा राग आला. राग येण्यासारखंच होतं. नागपूरच्या बी.एड. कॉलेजच्या ऑफिसात मी तासभर रांगेत उभी होते, छत्रीचं पाणी चपलेत उतरलं होतं, आणि या क्लार्कने माझी बी.ए.ची गुणपत्रिका दोनदा उलटून पाहिली, कपाळ खाजवलं अन् अर्ज परत सरकवला.

"इतिहास नाई भेटनार तुमाले."

"काहून?"

"शाळेत इतिहास शिकवाचा असन, तं बी.ए.ले इतिहास पायजे."

"मंग हे काय आहे?" मी गुणपत्रिकेवर बोट आपटलं.

"हा प्राचीन भारतीय इतिहास..." तो हळूच म्हणाला. "विषयांच्या यादीत त्याचा नंबर वेगळा आहे. इतिहास चौदा, प्राचीन इतिहास पंधरा. चौदावाल्यालेच घेतात."

"म्हंजे सम्राट अशोक काय भूगोलात झाला?"

मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि त्या खळीचाही मला राग आला.

"तुमचं बराबर आहे," तो म्हणाला. "पन माह्या हातात फक्त शिक्का आहे."

त्याला काय ठाऊक, हा विषय माझ्यासाठी काय होता! छप्पन साली, सहा वर्षांची असताना, बाबांच्या खांद्यावर बसून मी नागपूरलाच बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या सोहळ्याला आले होते. पुढे उमरेडच्या शाळेत इतिहासाच्या पुस्तकात बुद्धांवर दीड पान निघालं. मास्तरांनी ते तसंच उलटलं आणि म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही." त्या दिवशी मी ठरवलं, मोठी झाले की हायस्कुलात इतिहास शिकवीन, आणि ते दीड पान आठवडाभर शिकवीन. बाबा, देवाजी त्यांचं नाव, हातमागावर बसायचे; त्यांनीच मला शिकवलं. बुद्ध, अशोक, स्तूप, शिलालेख नीट शिकायचे म्हणून मी हा विषय घेतला... आणि आता चौऱ्याहत्तर साली मला सांगतात, हा इतिहासच नव्हे!

मी हटले नाही. अर्ज ठेवूनच आले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत उमरेडहून एस.टी.ने चार वेळा गेले. प्राचार्य कधी मीटिंगमध्ये, कधी बाहेरगावी. मी व्हरांड्यात बसून राही. दुसऱ्या खेपेला रविंद्रने आतून स्टूल आणून दिलं. तिसऱ्या खेपेला चहा.

"आज अशोक कोनत्या विषयात?" खळी पुन्हा आलीच.

"आज शिवणकामात. लिहा तुमच्या यादीत."

"तुमाले राग आला ना, का नाक लाल होते."

"नाकाचाबी नंबर आहे का यादीत?"

तो हसत सुटला. मीही हसले असेन... थोडीशी. परतीच्या गाडीत मला उगीचच वाटलं, प्राचार्य आणखी एखादा दिवस बाहेरगावी राहिले तरी चालेल.

पाचव्या खेपेला फळ्यावर प्रवेशाची यादी लागली होती. माझं नाव सतराव्या ओळीत! मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग बोट पुढच्या रकान्याकडे सरकलं. अध्यापनाचे विषय : मराठी – अर्थशास्त्र.

मी तर इतिहास – मराठी लिहिलं होतं. खिडकीशी जाऊन मी माझा अर्ज मागितला. "इतिहास" हा शब्द सरळ रेघेने खोडला होता, आणि वर जांभळ्या शाईत, रविंद्रच्या गोलगोल अक्षरात, "अर्थशास्त्र" लिहिलं होतं.

"हे तुमी केलं?"

"तुमचं वर्ष वाया जाऊन राहिलं होतं, जयाबाई. बी.ए.ले अर्थशास्त्र होतंच तुमाले. म्हटलं, एकदा आत तं शिरू द्या..."

"मले विचारलं?"

"विचारलं असतं, तं तुमी नाई म्हटलं असतं."

"हे मालूम होतं, तरीबी केलं?"

तो टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिला. "अर्ज वापस गेला असता, तं तुमी मले... पुन्हा दिसल्या नसत्या."

किती दिवस असलं काही ऐकायची वाट पाहिली होती, आणि ते आलं तेव्हा खोडलेला अर्ज माझ्या हातात होता.

"म्हंजे मी दिसावी म्हनून माहा इतिहास खोडला तुमी? आमच्या शाळेतल्या मास्तरानं तं बुद्धाचं पान नुसतं उलटलं होतं!"

तो उठला, अर्ज घेतला आणि थेट प्राचार्य मनोहररावांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. "सर, हा बदल मी केला. यांनी नाई," तो म्हणाला. मनोहररावांचा आवाज साऱ्या व्हरांड्यात घुमला. त्याला लेखी ताकीद मिळाली, आणि मूळ अर्ज इतिहासाचाच असल्यामुळे माझं नाव यादीतून गेलं. नियम मात्र होता तिथेच होता : इतिहास हा जादा विषय घेऊन परीक्षा द्या, पुढच्या वर्षी या.

मी मागे न बघता बस पकडली. घरी येऊन रडले. वर्षासाठी किती अन् त्याच्यासाठी किती, ते माझं मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी अंगणात सायकल थांबली.

"जया, कोन आलं वं?" बाबांनी मागावरूनच विचारलं.

दारात रविंद्र उभा होता, नागपूरहून सायकल हाणत आलेला, घामाने निथळत. त्याने पिशवीतून विद्यापीठाचा जादा विषयाचा अर्ज काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"कोरा आहे. एक अक्षर लिहिलं नाई. भराचा का फाडाचा, तुमीच ठरवा."

मी भरला. त्याच्या देखत, शाई सुकेपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवून.

वर्षभर मी चौदा नंबरचा इतिहास घोकला. पुस्तकं रविंद्र आणायचा, आणि प्रत्येक पुस्तक देण्याआधी विचारायचा, "हे आनू का?" इतकं विचारायचा की मला त्याचाही राग यायचा.

पुढच्या जूनला मी पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहिले. त्याने दोन्ही गुणपत्रिका पाहिल्या, रकाना पाहिला. इतिहास – मराठी. शिक्का उचलून जपून मारला.

"एक विचारू?"

"विचारा."

"उमरेडले येऊ का... तुमच्या बाबाले भेटाले?"

"काहून?"

तो कानापर्यंत लाल झाला. "लग्नाचं विचाराले."

"आधी मले विचारा. बाबा नंतर."

मागे रांगेत अकराजण होते. त्याने जाळीला तोंड लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मी हो म्हटलं. आणि पावती घेताना सांगून टाकलं, "तुमचा नियम अजूनबी चुकीचाच आहे."

"आहेच," रविंद्र म्हणाला, आणि पुढच्याचा अर्ज घ्यायला विसरला.