किला गेटचं लोखंडी दार

खोटं वाटलं तर वाटू दे. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रविवार, १६ मार्च २०१४. ग्वाल्हेर, थाटीपुर. भरदुपार. दुसऱ्या दिवशी धुळवड, म्हणजे ऑफिस थेट मंगळवारी उघडणार.

आमच्या ट्रस्टचे दोन दवाखाने तेव्हा नुकतेच एक झाले होते. किला गेटच्या दवाखान्याचं सगळं रेकॉर्ड आमच्या ऑफिसात आलं. कपाटं आली, हेडक्लार्क शालिनीताई आल्या आणि तिथल्या रेकॉर्डरूमचं लोखंडी दारही आलं. चांगलं दार वाया कशाला घालवा, म्हणून ते मी सांभाळायचो त्या सर्व्हररूमला बसवलं. कडी फक्त बाहेरून.

"रमाकांत, या दाराला बिना हाक मारता ताला नाही लावायचा," शालिनीताई म्हणाल्या होत्या. "तीनदा हाक मारायची. आमचे रेकॉर्डवाले बाबू, सदाशिवराव, शनिवारी आत राहून गेले. सोमवारी उघडलं तर… खतम."

मी हसलो होतो. मला अशा गोष्टींचं हसूच यायचं तेव्हा.

त्या दिवशीचं काम साधं होतं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहाल ते दुसरीवर जसंच्या तसं उमटतं. तिसरी जोडली की वाचायचं काम तिघींत वाटलं जातं आणि पेशंटचे कागद पटापट उघडतात. मी नेटवर्कची वायर काढली, तिसरी डिस्क बसवली, कॉपी सुरू केली आणि रॅकच्या आड कानात गाणी लावून बसलो.

शंभर टक्के झाल्यावर इअरफोन काढले.

दार बंद होतं.

ढकललं. हललंसुद्धा नाही. बाहेरून कुलूप!

चौकीदार दौलतसिंह किला गेटचाच. त्याने नेमाने तीन हाका मारल्या असणार… आणि माझ्या कानात गाणी.

मोबाइलला तिथे रेंज नाही. बाटलीत दोन घोट पाणी. हात सुजेपर्यंत दार बडवलं. मंगळवारपर्यंत आपण काही जगत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. खरं सांगतो, मी रडलो.

मग… तिन्ही डिस्कचे दिवे लुकलुकायला लागले.

कोणीतरी वाचत होतं.

वायर तर मी स्वतः काढलेली. स्क्रीनवर पाहिलं. एकच फाइल. पुन्हा पुन्हा तीच. किला गेटची हजेरी, २००९.

उघडली. शनिवारची एक ओळ. सदाशिवराव. येण्याची वेळ, दहा पाच. जाण्याची वेळ…

रिकामी.

मी असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. घड्याळ पाहिलं आणि त्या चौकटीत लिहिलं, चार दहा.

दिवे थांबले.

बाहेर कुलूप खडखडलं.

दार उघडलं. दौलतसिंह उभा होता. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. बाजूला सरकून त्याने कोणालातरी वाट दिली. "राम राम, बाबूजी."

मग मी दिसलो आणि त्याचा चेहराच उतरला.

"अरे भैयाजी, आप भी अंदर थे? बाबूजी ने आवाज़ दी, तब तो मैंने ताला खोला."

"कौन बाबूजी?"

"वही, जो अभी निकले."

माझ्याजवळून कोणीही गेलं नव्हतं.

मंगळवारी मी माझी हजेरी उघडली. रविवारची ओळ. येण्याची वेळ, अकरा वीस. जाण्याची वेळ रिकामी. भरली. सेव्ह केली. पुन्हा उघडली…

रिकामी.

एकेक डिस्क वेगळी काढून पाहिली. तिन्हींवर तेच.

शालिनीताईंना स्क्रीन दाखवली. "तू बाहेर आहेस ना? बस, मग झालं," म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात मी नोकरी सोडली. आता हरिशंकरपुरमला राहतो. घरातलं एकही दार लावू देत नाही, बायको वैतागते. दर होळीला शालिनीताईंना फोन करून विचारतो, माझी ती रिकामी चौकट भरली का? त्या नाही म्हणतात.

या वर्षी मात्र त्यांनी आणखी एक सांगितलं. आदल्या संध्याकाळी सर्व्हररूमचं दार लावण्याआधी त्यांनी तीनदा हाक मारली… आणि आतून ओ आली.

माझ्या आवाजात.

मी तेव्हा घरीच होतो. बायकोही तसंच सांगते.

मी तिला ते पुन्हा पुन्हा विचारतो.