बाकी राहिलेले रिटर्न

जालना एमआयडीसीतल्या त्या बियाणे प्लांटचा ड्रायर अजून नरहर साहेबांनी 'बेसिक' भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचा. तो दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. साहेब वारून दोन वर्षं झालेली. हौशी कम्प्युटर मासिकं वाचून शिकलेला माणूस, आणि मासिकांनी लावलेल्या सगळ्या खोडी प्रोग्रामात उतरलेल्या. नावं एकेका अक्षराची, खुलासा कुठेच नाही, आणि पावलोपावली 'गो-टू', म्हणजे इथून तिथे उडी. वाचून माझं डोकं फिरलं.

"गंधाली मॅडम, चालून राह्यलंय त्याला छेडू नका," ड्रायर सांभाळणारा पुंजाराम म्हणाला.

पण ते धड चालत कुठे होतं? मध्येच अडकायचं आणि बर्नर पेटलेलाच राहायचा. आत उन्हाळी सोयाबीनचं बियाणं होतं, जूनच्या पेरणीचं. पारा बेचाळीसच्या वर गेला की कोंब मेला. मग शेतकऱ्यानं काय माती पेरायची? मी हट्टालाच पेटले.

दुपारपर्यंत दुखणं सापडलं. तापमान वाचायला प्रोग्राम मुख्य काम सोडून बाजूच्या एका छोट्या कामात जायचा. काम झालं की 'रिटर्न' करून निघाला तिथे परत यायला हवं. मासिकातली युक्ती अशी, की परत यायचंच नाही, थेट सुरुवातीला उडी मारायची. न झालेलं प्रत्येक परतणं मेमरीत साचत राहतं, आणि मेमरी भरली की प्रोग्राम अडकतो.

"म्या एकबार इचारल्तं साहेबाला," पुंजाराम म्हणाला. "म्हणले, गेलेल्याला वापस बोलवायचं न्हाई."

"हेही मासिकात छापलं होतं का?"

तो हसला नाही.

मी कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. त्यानं साचलेलं सगळं पुसलं जातं. मग उडी काढून तिथे रिटर्न लिहिला आणि प्रोग्राम चालवला.

तापमान उमटलं, अडतीस. मग एकोणीस. मग चौदा. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये.

"हे तं थंडीतलं हाय," पुंजाराम हळूच म्हणाला.

गारठा समजून बर्नर भडकला. ड्रायरवरच्या काचेच्या थर्मामीटरात पारा चाळीस ओलांडत होता. मी प्रोग्राम थांबवायला गेले, थांबेना. मेन स्विच पाडला. पंखे थांबले. स्क्रीन थांबली नाही.

"गॅसचा व्हॉल्व्ह!" मी ओरडले आणि धावले.

व्हॉल्व्हचं चाक आधीच फिरत होतं. सावकाश, सवयीच्या हातानं फिरवावं तसं. पुंजाराम माझ्या मागे होता.

ज्योत विझली. पारा एकेचाळीसवर अडला आणि उतरू लागला. बियाणं वाचलं. मला रडू आलं, भीतीनं की आनंदानं, आजही सांगता येत नाही.

पुंजारामनं चपला काढल्या. चाकाजवळच्या खुर्चीवरचा भुसा उपरण्यानं झटकला.

"बसा, साहेब."

खुर्ची करकरली.

स्क्रीनवर आकडे उतरतच होते, एकेक रिटर्न, एकेक परतणारा. पुंजाराम जरा वेळ बघत राहिला, मग आणखी खुर्च्या आणायला गेला.