सातव्या जिन्यावरची बाई

दर गुरुवारी दुपारी चारला वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिघं जमत. खोली बाईंची. बाई म्हणजे वाचनालयातली फाटकी पुस्तकं उसवून, नव्यानं शिवून, पुठ्ठ्यात बांधणाऱ्या. दुसरे पोस्टमनकाका, नोकरी सुटली, पण पायाची घाई सुटली नव्हती. तिसरे दातांचे डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद असतो म्हणून रसिक झालेले. महिन्याला एक पुस्तक ठरायचं. प्रत एकच. प्रत्येकानं आठवडाभर घरी न्यायची, आणि मग सगळ्यांनी मिळून त्यावर तोंडसुख घ्यायचं.

त्या महिन्यात चित्रकथा होती. कुणाच्या तरी जुन्या गठ्ठ्यात आलेली, चित्रकाराचं नाव नसलेली. डोक्याच्या जागी रिकामा पिंजरा असलेला एक नायक आपली हरवलेली सावली शोधत नरकात उतरतो. तिथं आग नाही, राक्षस नाहीत. भिंतींना दात, छताला कान आणि खाली खाली जाणारे जिने.

"त्या दातांची काय दशा केलीय हो!" डॉक्टर म्हणाले. "एकालाही मूळ नाही. त्या चित्रकाराला जरा माझ्याकडे धाडा."

काका हसले नाहीत. "मला सातवा जिना नाही आवडला. तो म्हातारा... एकाच पायात चप्पल घालून बसलेला."

"म्हातारा कुठला?" डॉक्टर म्हणाले. "तिथं शाळेच्या गणवेशातली मुलगी आहे."

बाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी त्या जिन्यावर ना म्हातारा पाहिला होता, ना मुलगी. त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला पाहिलं होतं. दवाखान्याचा ढगळ झगा, सुकलेले ओठ. नायक वाट विचारतो तेव्हा ती म्हणते, "माझी बहीण पाणी आणायला गेलीय. ती आली की सांगते." नायक पुढं निघून जातो. आठवडाभर बाई मनाची समजूत घालत होत्या, की चेहऱ्यासारखे चेहरे असतातच.

पुस्तक मेजावर उघडलं. तिघांनी एकाच चित्रावर बोट ठेवलं. प्रत्येकाला आपलंच माणूस दिसत होतं.

"माझे वडील," काका हळूच म्हणाले. "घरातून निघून गेले ना... तेव्हा आम्हाला एकच चप्पल सापडली होती."

डॉक्टर खुर्ची सरकवून उठले. पिशवी उचलून निघून गेले.

सहा महिन्यांपूर्वी ताईनं पाणी मागितलं होतं. बाई पेला घेऊन बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात उन्हात उभ्या राहिल्या. ते कण्हणं ऐकायला पुन्हा आत जावंसं वाटेना. दहा मिनिटं, फार तर पंधरा. परतल्या तेव्हा नर्स ताईच्या तोंडावर चादर ओढत होती. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी खोलीला आतून कडी घातली. पुस्तकात पुढं, अकराव्या जिन्यावर, एक विहीर होती. नायक तिथं बादली भरून घेतो आणि ते पाणी शेवटपर्यंत कुणाच्या उपयोगी पडत नाही. बाईंनी शिवणीचा दोरा कापला. विहिरीच्या पानांचा जुडगा उचलून सातव्या जिन्याच्या आधी ठेवला. वेड लागलंय का आपल्याला, असं मनात आलं; पण हात थांबले नाहीत. त्यांनी पुस्तक पुन्हा शिवलं, गाठ मारली आणि उघडलं.

नायक भरली बादली घेऊन सातव्या जिन्यावर आला होता. ताई ओंजळीनं पाणी पीत होती. घटाघटा. झग्याचा गळा भिजला होता. बाईंना इतकं रडू फुटलं, की तोंडावर पदर दाबावा लागला.

मग त्यांनी पान उलटलं.

ताई उभी राहिली होती. "बरं वाटलं," ती नायकाला म्हणत होती. "आता मीच बघते, ती कुठं अडकली ते."

"खाली जाऊ नका. तिथून कुणी परत येत नाही."

"मग तर गेलंच पाहिजे. ती घाबरट आहे हो."

पुढच्या चौकटीत जिन्याचा कठडा आणि त्यावर एक हात. त्यापुढच्या चौकटीत नुसता कठडा.

बाईंनी दोरा कापला. पानं होती तशी लावली, शिवली, उघडली. विहीर पुन्हा अकराव्या जिन्यावर गेली होती. सातव्या जिन्यावर नायक रिकाम्या पायरीला वाट विचारत होता. त्यांनी पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडांची चाळण झाली. पायरी रिकामीच राहिली.

गुरुवारी काकांनी पुस्तक उघडलं आणि ते खुर्चीत मागं टेकले. "वडील उठून गेले," ते म्हणाले. "बाई, तुम्ही काय केलंत?"

बाईंनी सगळं सांगितलं. व्हरांड्यातलं ऊनसुद्धा.

डॉक्टरांनी त्या रिकाम्या पायरीवर बोट ठेवलं. "आठ वर्षांची होती ती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "निदान बसलेली तरी होती. माझ्या मुलीला कुठं पाठवलंत तुम्ही?"

त्यानंतर गुरुवारी कुणी आलं नाही. काका रस्त्यात दिसले, की दुसऱ्या बाजूनं निघून जातात. डॉक्टरांनी दवाखाना विकला असं म्हणतात.

आता दुपारी, घरात सामसूम असली, की बाईंना हाक ऐकू येते. "चिमे... अगं चिमे..." त्या नावानं फक्त ताईच हाक मारायची. हाक फरशीखालून येते आणि दर वेळी जरा आणखी खोल गेलेली असते. बाईंचं घर तळमजल्यावर आहे.

त्या ओ देत नाहीत. दिली तर ताई वर येईल की आपण खाली जाऊ, हे त्यांना ठरवता येत नाही.

परवा त्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. हाक आली; फार लांबून, फार थकलेली. आणि तितक्याच खोलातून कुणीतरी तिला उत्तर दिलं.

"आले गं, ताई."

आवाज बाईंचाच होता. बाई मात्र दातांत चिमटा धरून, दोरीवरची ओली चादर घट्ट पकडून उभ्या होत्या.